माल खरा, फोटोही खरा : पोलरायझिंग फिल्टरचा धडा

कपड्याचा व्यापार पूर्वी बोटांवर चालत असे. गिऱ्हाईक तागा उलगडून पाही, पोत बोटांत चोळून पाही, दुकानाच्या उंबऱ्याबाहेर उजेडात नेऊन रंग पाही आणि मगच भावाची गोष्ट काढी. आज अर्धे गिऱ्हाईक दुकानात येतच नाही. ते म्हणते, "शेठ, फोटो पाठवा." म्हणजे फोटो हाच आता नमुना झाला आहे. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागवाला असो, येवल्याचा पैठणी विणणारा असो, नाहीतर तालुक्याच्या गावात चार फळ्यांचे दुकान चालवणारा आमच्यासारखा व्यापारी असो, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा किंवा मोबाईल आहे आणि प्रत्येकाची तक्रार एकच आहे : हातात रंग एक दिसतो, फोटोत दुसराच उतरतो.

गिऱ्हाइकाला फोटोत दिसले ते हातात मिळाले नाही की माल परत येतो. जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडते, घडी मोडलेला माल दुसऱ्याला विकताना भाव पडतो आणि सर्वांत मोठे नुकसान म्हणजे भरवसा जातो. म्हणून फोटोचा हुनर ही आता व्यापाऱ्याची हौस राहिलेली नाही, गरज झाली आहे. या हुनरातील एक छोटे पण कामाचे हत्यार म्हणजे पोलरायझिंग फिल्टर. कॅमेऱ्याच्या भिंगावर बसणारी ही करडी काच काय करते, ती किती उजेड खाते, कुठे वापरावी आणि कुठे वापरू नये, याचा धडा आम्ही येथे देत आहोत.

रंग जातो कुठे?

काळ्या बुरख्याच्या कपड्याचे उदाहरण घ्या. गिरणीतून आलेला कपडा गडद काळा असतो. दुकानाच्या ट्यूबलाईटखाली फोटो काढला की तो राखेसारखा करडा दिसतो. रंगाऱ्याने काम चोख केलेले असते आणि कॅमेराही बिघडलेला नसतो. मग होते काय?

कपड्यावर पडणारा उजेड दोन प्रकारे परत येतो. काही उजेड धाग्याच्या आत शिरतो, तिथल्या रंगाला भेटतो आणि त्या रंगाची खूण घेऊन बाहेर येतो. हाच कपड्याचा खरा रंग. बाकीचा उजेड आत शिरतच नाही. धाग्याच्या गुळगुळीत पाठीवर आपटून तो तसाच परत फिरतो. दिवा पांढरा तर हा उजेडही पांढराच. हीच चकाकी. काळ्या रंगावर ही पांढरी चकाकी पसरली की करडा दिसतो, लाल रंगावर पसरली की फिका गुलाबी. पॉलिस्टर, साटीन आणि रेशमाचे धागे गुळगुळीत असल्यामुळे त्यांवर चकाकी जास्त, खादी आणि सुती कपड्यावर कमी.

आपण डोळ्यांनी पाहतो तेव्हा मान थोडी हलवतो, कपडा फिरवतो आणि मन आपोआप चकाकी बाजूला सारून रंग ओळखते. कॅमेऱ्याला हे जमत नाही. तो एका जागी उभा राहून जे येईल ते सारे टिपतो. म्हणून आत जाऊन आलेला उजेड ठेवायचा आणि वरूनच परतलेला उजेड गाळायचा, अशी काही चाळणी असेल तर काम होईल. पोलरायझिंग फिल्टर ही तीच चाळणी आहे.

चाळणी चालते कशी? ताण्याबाण्याची गोष्ट

उजेड लहरींनी पुढे सरकतो. ताणून बांधलेल्या दोरीला झटका दिला की लहर पुढे जाते, पण दोरीचा प्रत्येक भाग मात्र आपल्या जागी वरखाली किंवा आडवा थरथरतो. उजेडाचेही तसेच आहे. सूर्याच्या किंवा दिव्याच्या साध्या उजेडात ही थरथर सर्व दिशांनी मिसळलेली असते. तो उजेड काच, पाणी, पॉलिश, प्लास्टिक किंवा धातू नसलेल्या इतर गुळगुळीत पाठीवर तिरका आपटून परतला की त्यातली एकाच दिशेची थरथर जास्त उरते. टेबलावर आडव्या पसरलेल्या कपड्यावरून परतणारी चकाकी मुख्यतः आडवी थरथरते. याला शास्त्रात प्रकाशाचे ध्रुवीकरण म्हणतात. धाग्याच्या आत जाऊन आलेल्या रंगीत उजेडात मात्र सर्व दिशा पुन्हा मिसळून गेलेल्या असतात. दोघांतला हाच फरक फिल्टर पकडतो.

आता फिल्टरची बनावट पाहा. विणकराला ती लगेच समजेल. काचेच्या दोन चकत्यांमध्ये प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा असतो. तो एका दिशेने ताणतात, त्यामुळे त्याचे लांब लांब रेणू एकाच ओळीत उभे राहतात आणि मग त्यात आयोडीन मुरवतात. म्हणजे असा माग समजा, ज्यावर ताणा लावला आहे पण बाणा अजून भरलेला नाही. ताण्याच्या दिशेने थरथरणारा उजेड त्या धाग्यांतच जिरून जातो. ताण्याला आडवा थरथरणारा उजेड पलीकडे निघून जातो. फिल्टर त्याच्या कड्यात फिरवता येतो तो यासाठीच. ताण्याची दिशा चकाकीच्या दिशेशी जुळली की चकाकी जिरते, पाव वळसा पुढे फिरवला की तीच चकाकी पुन्हा परत येते.

या काचेमागचा इतिहास

वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे एक हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात प्रयोगांनिशी मांडले. ते बसऱ्यात जन्मले आणि त्यांनी कैरोमध्ये काम केले. १८०८ साली पॅरिसमध्ये मालूस नावाच्या फ्रेंच अभियंत्याने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारे मावळतीचे ऊन एका पारदर्शक स्फटिकातून पाहिले. या स्फटिकातून प्रत्येक गोष्ट दुहेरी दिसते. स्फटिक फिरवताच त्या दोन प्रतिमांपैकी एक मंद होत गेली. परतलेला उजेड साध्या उजेडापेक्षा वेगळा असतो, हे त्या दिवशी कळले. ही चकाकी कोणत्या कोनातून सर्वांत चांगली गाळता येते, त्याचा नियम १८१५ साली स्कॉटलंडच्या ब्रूस्टर यांनी दिला. पूर्वी या कामाला महागडे स्फटिक लागत. १९२९ साली अमेरिकेत एडविन लँड यांनी प्लास्टिकच्या पापुद्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे ही वस्तू सामान्य माणसाच्या हाती आली.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईशीही जोडलेला आहे. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडला गेले होते. परतताना 'नारकुंडा' बोटीवर त्यांच्याजवळ खिशात मावणारा एक निकोल प्रिझम होता, म्हणजे त्या काळचा पोलरायझर. समुद्र निळा दिसतो तो केवळ आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून, असे त्या वेळचे मोठे शास्त्रज्ञ सांगत. रामन यांनी योग्य कोनातून प्रिझम धरला आणि पाण्यावरची आकाशाची चकाकी गाळून टाकली. समुद्राची निळाई गेली नाही, उलट जास्त खुलली. म्हणजे रंग पाण्याच्या आतून येत होता. बोट मुंबई बंदरात असताना २६ सप्टेंबर १९२१ या तारखेचे पत्र त्यांनी 'नेचर' या इंग्रजी विज्ञान-साप्ताहिकाला लिहिले. त्याच वाटेने पुढे १९२८ चा त्यांचा प्रसिद्ध शोध लागला आणि १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रामन यांनी समुद्राचे केले तेच आपल्याला कपड्याचे करायचे आहे : वरची चकाकी दूर करायची आणि आतला रंग आपला आहे की नाही ते पाहायचे.

उजेड किती खर्च होतो?

व्यापारी बंधूंनो, फुकट काही मिळत नाही. फिल्टर चकाकीबरोबर कामाचा उजेडही खातो. साध्या मिसळलेल्या उजेडातला निम्मा भाग तर चाळणीच्या स्वभावामुळेच अडतो. काचेत आणि पापुद्र्यात आणखी थोडा जातो. छायाचित्रकार उजेड 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, दोन स्टॉप कमी म्हणजे पाव. बाजारातले बहुतेक पोलरायझर दीड ते दोन स्टॉप खातात.

हिशेब असा करावा. फिल्टर नसताना छिद्र एफ ८, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ १०० वर फोटो बरोबर येत असेल आणि फिल्टर दोन स्टॉपचा असेल, तर तीन वाटा आहेत. शटर १/३० करा, किंवा छिद्र एफ ४ पर्यंत उघडा, किंवा आयएसओ ४०० करा. १/३० ला हात हलतो आणि पोत पुसट येतो. छिद्र उघडले तर तागाचा पुढचा भाग स्पष्ट आणि मागचा धूसर होतो. आयएसओ वाढवला तर गडद रंगात दाणे उठतात. कपड्यासाठी पहिली वाट सर्वांत चांगली, पण कॅमेरा तिपाईवर हवा. तिपाई नसेल तर स्टुलावर धान्याची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवावा.

भिंगातूनच उजेड मोजणारा कॅमेरा हा फरक स्वतः भरून काढतो. हातातल्या वेगळ्या मीटरने मोजणाऱ्याने मात्र चारपट उजेड धरायला विसरू नये. मोबाईल आपणहून आयएसओ वाढवतो, म्हणून मोबाईलवर फिल्टर लावला की खिडकीजवळ जाणे भाग आहे.

दुकानात फोटो काढण्याची रीत

पहिली गोष्ट, फिल्टरआधी दिवा हलवा. कॅमेऱ्याच्या पाठीमागून सरळ कपड्यावर पडणारा उजेड सर्वांत वाईट, कारण चकाकी थेट भिंगात येते. उजेड बाजूने येऊ द्या. उत्तरेकडच्या खिडकीचा मऊ उजेड असेल तर उत्तमच. अर्धी चकाकी इथेच संपते आणि तिला एक पैसाही लागत नाही.

दुसरी, कोन सांभाळा. कपड्याच्या अगदी समोर उभे राहून फिल्टर कितीही फिरवला तरी सपाट पाठीवरच्या चकाकीत फरक पडत नाही. उजेड ज्या बाजूने येतो तिच्या समोरच्या बाजूला, कपड्याच्या पाठीशी सुमारे ३५ अंशांचा कोन करून पाहिले की परिणाम सर्वांत जास्त. काच आणि पॉलिश केलेले लाकूड यांनाही जवळपास हाच कोन लागतो, पाण्याला सुमारे ३७ अंश. धागा गोल असल्यामुळे कपड्यावरची चकाकी अनेक कोनांतून येते. ती काचेवरच्यासारखी साफ जात नाही, कमी होते. पण काळ्याला काळा आणि मरूनला मरून दाखवण्याइतकी ती पुष्कळदा कमी होते.

तिसरी, फिल्टर सावकाश फिरवा आणि डोळा कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठेवा. चकाकी कमी होते, सर्वांत कमी होते, पुन्हा वाढते. आता महत्त्वाचे सांगतो. सर्वांत गडद जागी थांबायचे नाही. कपड्याचा तुकडा खिडकीच्या उजेडात धरा, डोळ्यांनी पाहा आणि पडद्यावरचा रंग त्याच्याशी जुळेल तिथे थांबा. पूर्ण फिरवलेला फिल्टर रंग कधी कधी इतका गडद करतो की गिऱ्हाइकाला तसा कपडा उन्हात किंवा लग्नाच्या मंडपात कधीच दिसणार नाही.

चौथी, फिल्टरला नको ते काम सांगू नका. ट्यूबलाईटने आलेली हिरवट झाक किंवा पिवळ्या बल्बची झाक फिल्टरने जात नाही. त्यासाठी कॅमेऱ्यात व्हाईट बॅलन्स लावावा लागतो. दोन वेगळ्या रंगांचे दिवे एकत्र पेटवू नयेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे काही दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की ते बहुधा जातात.

पाचवी, प्लास्टिकचे वेष्टन काढा. सेलोफेनमध्ये बांधलेला शर्ट पोलरायझरमधून पाहिला तर वेष्टनावर कधी कधी इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. प्लास्टिक ताणलेले असते म्हणून असे होते. गिऱ्हाइकाला मात्र ती छपाईची चूक वाटते.

जरीचे काय?

पैठणी, बनारसी आणि जरीकाठाच्या मालाला वेगळा नियम आहे. धातूवरून परतणाऱ्या साध्या उजेडात ही एका दिशेची थरथर फारशी येत नाही. म्हणून भिंगावर एकच फिल्टर लावला तर रेशमावरची चकाकी कमी होते, पण जरीची झळाळी बहुतांशी टिकते. पदराचा फोटो काढताना हा मोठाच फायदा आहे : रंगही खुलतो आणि जरही चमकते.

मोठ्या शहरांतले काही छायाचित्रकार याहून कडक उपाय करतात. ते दिव्यापुढेही पोलरायझिंगचा पापुद्रा लावतात आणि भिंगावरचा फिल्टर त्याच्या आडवा फिरवतात. मग चकाकी जवळजवळ संपूर्ण जाते. जुन्या चित्रांची आणि हस्तलिखितांची छायाचित्रे या रीतीने काढतात. सुती छपाई, नक्षीचा बारकावा किंवा काळा कपडा यांसाठी ही रीत उत्तम. पण जरीच्या मालावर ती वापरू नये. दिव्यातूनच एका दिशेचा उजेड येतो, धातू तो तसाच परतवतो आणि भिंगावरचा फिल्टर तो अडवतो. सोनेरी जर फोटोत मेल्यासारखी, काळपट दिसते. आरशाचे काम, टिकल्या, तांब्यापितळेची भांडी आणि दागिने यांचीही हीच गत होते. हा पापुद्रा उष्णतेने खराब होतो, म्हणून तो तापणाऱ्या हॅलोजनपुढे लावू नये. एलईडीपुढेही थोडे अंतर ठेवून लावावा आणि दोन्हीकडून उजेड पाजत असाल तर दोन्ही दिव्यांचे पापुद्रे एकाच दिशेने बसवावेत.

शिनोलीच्या रस्त्यावर सराव

फिल्टरचा स्वभाव दुकानात बसून पूर्ण कळत नाही. आंबेगाव तालुक्यातल्या वाचकांना त्याची शाळा दाराशीच आहे. घोडेगावहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागले की शिनोली लागते आणि पुढे घोड नदीवरचे डिंभे धरण. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. हे याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे गिरणी कामगार. विलायती कपड्याची मालमोटार अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत ते शहीद झाले. कपड्याचा व्यापार करणाऱ्याने तिथे जाताना हे नाव आठवावेच.

सराव पहिला, आकाश. सकाळी शिनोलीत उभे राहून डिंभ्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे, तोंड करा. सूर्य पाठीशी आहे. फिल्टर फिरवा, आकाशात फारसा फरक पडणार नाही. आता उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे वळा. निळे आकाश एकदम गडद होईल आणि ढग कापसासारखे उठून दिसतील. सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशाच्या पट्ट्यावर परिणाम सर्वांत जास्त, हा नियम. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा तिच्याशी काटकोनात ठेवा आणि मनगट फिरवा. अंगठा ज्या वाटेने फिरतो तो हा पट्टा. खूप रुंद दिसणाऱ्या भिंगात अर्धे आकाश गडद आणि अर्धे फिके येते, म्हणून तिथे फिल्टर बेताने फिरवावा.

सराव दुसरा, पाणी. काठावर उभे राहून पायाजवळच्या पाण्यात तिरके खाली पाहा. फिल्टर फिरवताच चकाकी जाईल आणि तळाचे दगड दिसतील. आता दूरच्या पाण्याकडे पाहा. तिथे नजर पाण्याला जवळजवळ समांतर जाते, म्हणून चमक फारशी हटत नाही. कपड्यासाठी सांगितलेला कोनाचा नियम इथे डोळ्यांनी पटतो.

सराव तिसरा, पावसाळी हिरवळ. जून ते सप्टेंबर आभाळ ढगाळ असते तेव्हा फिल्टर काढून ठेवावा असे अनेकांना वाटते. ढगाळ आकाशावर तो खरोखर चालत नाही. पण भाताच्या ओल्या पातीवर, हिरड्याच्या भिजलेल्या पानांवर आणि काळ्या कातळावर आभाळाची पांढरी चकाकी बसलेली असते, ती तो उतरवतो आणि हिरवा रंग खरा दिसू लागतो.

सराव चौथा, मुद्दाम उजेड कमी करणे. वर आम्ही ज्याला खर्च म्हटले तोच इथे नफा होतो. पावसाळ्यात या रस्त्याच्या बाजूला ओहोळ आणि धबधबे वाहतात. पाणी दुधासारखे सलग दिसायला हवे असेल तर शटर सावकाश हवे. ढगाळ दिवशी आयएसओ १०० आणि एफ ११ ला शटर १/३० येत असेल, तर दोन स्टॉपच्या फिल्टरने ते १/८ होते. छिद्र एफ १६ केले की १/४. तिपाई असली की काम झाले. चित्रफीत काढणाऱ्यांनाही याचा उपयोग आहे. सेकंदाला २५ चित्रे असतील तर शटर १/५० च्या आसपास ठेवतात. भर उन्हात त्या शटरला छिद्र एफ २२ पर्यंत बंद करावे लागते. फिल्टर लावला की एफ ११ पुरते आणि चित्र जास्त धारदार येते.

आणखी उजेड कापायचा असेल तर दोन पोलरायझर एकापुढे एक लावतात. दोन्हींचे ताणे एका दिशेत असले की सर्वांत जास्त उजेड जातो. ४५ अंश फिरवले की त्याचा निम्मा, ६० अंशांना पाव, ७० अंशांच्या जवळ आठवा हिस्सा आणि ९० अंशांना जवळजवळ काळोख. हा मालूस यांचाच नियम. पुढचा फिल्टर साधा लिनिअर हवा, मागचा सर्क्युलर चालतो. फार जास्त फिरवले की निळी-जांभळी झाक येते आणि रुंद भिंगात फुलीसारखा काळा डाग पडतो. नुसता उजेड कमी करायचा आणि रंग-चकाकीला हात लावायचा नसेल, तर न्यूट्रल डेन्सिटी नावाचा करडा फिल्टर घेणेच सरळ.

विकत घेताना

फिल्टर दोन जातींचे असतात. लिनिअर म्हणजे वर सांगितलेली साधी चाळणी. सर्क्युलरमध्ये त्याच चाळणीच्या मागे आणखी एक पापुद्रा असतो, तो गाळलेल्या उजेडाला पुन्हा गोल फिरवून पुढे पाठवतो. आरसा असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यांचे मीटर आणि फोकस लिनिअर फिल्टरने फसू शकतात, म्हणून त्यांना सर्क्युलर घ्यावा. आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला आणि मोबाईलला दोन्ही चालतात.

खरा की खोटा हे तपासायला व्यापाऱ्याच्या गल्ल्यावर नेहमी असणारी वस्तू पुरते : कॅल्क्युलेटर. त्याच्या पडद्यातून एका दिशेने थरथरणारा उजेड येतो. फिल्टरची पेच असलेली बाजू डोळ्याकडे ठेवून कॅल्क्युलेटरकडे पाहा आणि फिल्टर फिरवा. पडदा एका जागी काळा झाला तर फिल्टर खरा. नुसती करडी काच असेल तर पडदा सर्व बाजूंनी सारखाच दिसेल. आता फिल्टर उलटा धरून पुन्हा पाहा. उलटा धरल्यावरही पडदा काळा होत असेल तर तो लिनिअर, काळा न होता फक्त झाक बदलत असेल तर सर्क्युलर. पोलराइज्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या गॉगलची परीक्षाही अशीच होते. चष्म्याचा व्यापार करणाऱ्यांनी ती गिऱ्हाइकासमोर करून दाखवावी.

भिंगाच्या कडेवर ५२, ५८, ६७, ७७ असा मिलिमीटरचा आकडा असतो. आपल्या सर्वांत मोठ्या भिंगाच्या मापाचा एक चांगला फिल्टर घ्यावा आणि लहान भिंगांसाठी कडी घ्यावी. प्रत्येक मापाचा स्वस्त फिल्टर घेण्यापेक्षा हे परवडते. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि गाडीच्या तापलेल्या काचेमागे फिल्टर विसरू नये.

फिल्टर ऐब झाकण्यासाठी नाही

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट. ज्या काचेने खरा रंग दिसतो, त्याच काचेने खोटेही बोलता येते. पॉलिस्टरची चकाकी पूर्ण गाळून तो सुती म्हणून दाखवता येतो. चकाकी हा ज्या कपड्याचा गुण आहे त्या साटीनला मंद करता येते. फिका पडलेला जुना माल गडद दाखवता येतो. असा फोटो पाहून घेतलेला माल हातात आला की गिऱ्हाईक पुन्हा आपल्या दारी येत नाही. मालाचा ऐब सांगून माल विकावा, ही आपल्याला लहानपणापासून मिळालेली शिकवण आहे. ती तोंडी बोलण्याला लागू आहे तशी फोटोलाही लागू आहे.

कायदाही तेच सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि त्याखालच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकलेला माल जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही.

म्हणून आमची रीत अशी आहे आणि तीच आम्ही सुचवतो. प्रत्येक मालाचे तीन फोटो काढावेत. पहिला फिल्टर लावून, रंग डोळ्याशी जुळवून. दुसरा फिल्टर न लावता, म्हणजे कपड्याला चकाकी किती आहे ते गिऱ्हाइकाला कळेल. तिसरा अगदी जवळून, पोत आणि वीण दिसेल असा, आणि कुठे गाठ किंवा डाग असेल तर त्याचाही. खाली धागा कोणता आहे ते शब्दांत लिहावे, कारण सुती की पॉलिस्टर हे कोणताही फिल्टर सांगत नाही.

सारांश लक्षात ठेवा : आधी दिवा हलवा, मग कोन धरा, मग फिल्टर फिरवा आणि डोळ्याशी जुळेल तिथे थांबा. दीड-दोन स्टॉपचा खर्च आधीच हिशेबात धरा. जरीवर एकच फिल्टर, दिव्यापुढे पापुद्रा नको. येत्या आठवड्यात दुकानातला एक काळा, एक लाल आणि एक जरीकाठी तागा काढून या तीन फोटोंचा सराव करावा. शेजारच्या दुकानदाराला फोटो आणि कपडा शेजारीशेजारी दाखवून विचारावे, "हे दोन्ही एकच आहेत का?" त्याने बिनधास्त हो म्हटले की तो फोटो गिऱ्हाइकाला पाठवायला हरकत नाही.